‘द बनियन डिअर’ : जातककथेवरील ॲनिमेशनपटाच्या आकर्षणाची मीमांसा

प्राणिकथांवर आधारित जुन्या ॲनिमेशनपटांचे आकर्षण आजही ओसरलेले दिसत नाही. हाताने रेखाटलेल्या चित्रांचे सौंदर्य आणि बालपणीच्या आठवणी ही त्याची कारणे सामान्यतः सांगितली जातात. ती अपुरी आहेत, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी फिल्म्स डिव्हिजनच्या मुंबईतील कार्टून फिल्म विभागाने १९५७ साली निर्माण केलेला ‘द बनियन डिअर’ हा लघुपट विचारात घेतला आहे.

या विभागातील कलावंतांना डिस्ने स्टुडिओतील अनुभवी ॲनिमेशनकार क्लेअर वीक्स यांनी प्रशिक्षण दिले. राम मोहन हे त्या कलावंतांपैकीच एक होत. वीक्स यांनी डिस्नेच्या ‘बाम्बी’ (१९४२) या चित्रपटासाठीही काम केले होते. म्हणून हरणांच्या या दोन कथा शेजारी ठेवून पाहणे उचित ठरते. ‘बाम्बी’त माणूस पडद्यावर कधीच दिसत नाही, बंदुकीचा आवाज आणि वणवा यांतूनच तो जाणवतो. प्रेक्षक हरणाच्या बाजूने उभा राहतो आणि माणसाच्या अपराधातून सहज सुटतो. लघुपटाला आधारभूत असलेल्या निग्रोधमृग जातकात मात्र माणूस समोर आहे. राजाच्या शिकारीपायी कामे अडतात म्हणून प्रजाच हरणांना उद्यानात कोंडते. पुढे पाळीपाळीने एकेक हरीण वधस्थानी जाऊ लागते. गाभण हरिणीच्या जागी मृगराज स्वतःची मान ठेवतो आणि राजा सर्व प्राण्यांना अभय देतो.

मूळ जातक येथे संपत नाही. अभय मिळालेली हरणे पिके खाऊ लागतात. लोक गाऱ्हाणे मांडतात. राजा वचन मोडण्यास नकार देतो. अखेर मृगराजच कळपाला मनाई करतो आणि शेताच्या कडेला पानांची खूण बांधण्याचे ठरते. सांगली जिल्ह्यातील सागरेश्वर अभयारण्यालगतच्या किंवा साताऱ्यातील कोयना खोऱ्यातील शेतकऱ्याला हे गाऱ्हाणे अपरिचित नाही. आपल्या वर्गांतील अनेक विद्यार्थी अशाच घरांतून येतात. ‘बाम्बी’तील करुणा त्यांना भावेल, परंतु त्यांच्या बांधावरचा प्रश्न तिच्यात सामावत नाही.

राजाने दिलेल्या अभयाची किंमत शेतकरी मोजतो, हे जातककाराने लपविलेले नाही. या कथेचे टिकाऊ आकर्षण अशा प्रामाणिकपणात आहे. म्हणून वर्गात हा लघुपट दाखविताना मूळ जातक शेवटपर्यंत वाचले जावे. अन्यथा हाती केवळ हळहळ उरेल.