खंडनमंडनपर वाङ्मय, ख्रिस्ती (मराठी)

ख्रिस्ती धर्माचे तर्काने समर्थन आणि इतर धर्ममतांचे खंडन करण्यासाठी मिशनरी संस्थांनी एकोणिसाव्या शतकात मराठी प्रदेशात निर्माण केलेले वाङ्मय. या वादपरंपरेतील प्रमुख नाव स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन (१८०४–७५) यांचे होय. ते १८२९ मध्ये मुंबईस आले. मोरभट दांडेकर यांच्याशी झालेल्या वादातून हिंदुधर्माच्या खंडनाचा त्यांचा ग्रंथ १८३२ मध्ये निघाला. दुसरा १८३४ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकन मराठी मिशननेही १८४२ मध्ये अहमदनगर येथे सुरू केलेल्या ज्ञानोदय या नियतकालिकातून अशी टीका चालविली.

पुराणकथांतील विसंगती आणि देवतांचे नीतिबाह्य वर्तन दाखविणे, ही विल्सन यांची मुख्य पद्धत होती. प्रतिपक्षाचे ग्रंथ अभ्यासून वाद करणे हा तिचा गुण होय. तथापि पुराणांना लावलेली तर्काची कसोटी बायबलमधील चमत्कारांना लावली जात नसे, हा तिचा मूलभूत दोष होता. प्रतिपक्षीयांनी तो अचूक हेरला. १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी (१८२५–७१) यांनी जॉर्ज बोएन प्रभृती मिशनऱ्यांशी जाहीर वाद केले व ख्रिस्ती सिद्धांतांनाच तर्काची कसोटी लावली.

पारशी समाजावरील परिणाम वेगळा झाला. १८३९ मधील दोन पारशी तरुणांच्या धर्मांतराने मोठी खळबळ उडाली. विल्सन यांनी १८४३ मध्ये पारशी धर्मावर टीकाग्रंथ लिहिला. पारशी पंडितांनी त्यांना उत्तरे दिली. पुढे खरशेदजी कामा यांच्या प्रयत्नांनी अवेस्ता व पेहलवी यांच्या शास्त्रीय अध्ययनास चालना मिळाली.

वैचारिक दृष्ट्या या परंपरेतील सर्वांत सकस लेखन एका मराठी ब्राह्मणाचे आहे. मात्र ते मराठीत नाही. काशीचे नीळकंठशास्त्री गोऱ्हे (१८२५–९५) यांनी प्रथम जॉन म्यूर यांच्या मतपरीक्षा या ग्रंथाला उत्तर देणारा शास्त्रतत्त्वविनिर्णय हा संस्कृत ग्रंथ लिहिला. १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर ते नेहेम्या गोऱ्हे झाले आणि षड्दर्शनदर्पण (१८६०) या हिंदी ग्रंथात त्यांनी दर्शनांचे खंडन केले. प्रतिपक्षाचे मत प्रथम त्याच्याच परिभाषेत मांडावे, हा शास्त्रार्थातील पूर्वपक्षाचा नियम त्यांना अवगत होता. मिशनरी पत्रकांत तो क्वचितच पाळलेला दिसतो.

धर्मांतराच्या उद्दिष्टाने पाहता या वाङ्मयाला मर्यादित यश आले. परंतु धर्ममत छापील ग्रंथांच्या आधारे, जाहीरपणे आणि लोकभाषेत तपासण्याची सवय त्याने लावली. विष्णुबुवांचा वेदोक्तधर्मप्रकाश (१८५९) हा ग्रंथ त्याच वातावरणातील होय.