बोधचिन्हे आणि अक्षर

जळगावात किंवा धुळ्यात कुणी नवे दुकान काढले की, पाटी रंगविणाऱ्याच्या आधी आता बोधचिन्ह करून देणाऱ्याला बोलावणे जाते. हे कलावंत बहुधा कुणाच्या पगारावर नसतात. घरबसल्या कामे घेतात. चिन्हाबरोबर ते एक कागद देतात, त्यावर प्रेरणा लिहिलेली असते : ही रेघ म्हणजे केळीचे पान, हे वर्तुळ म्हणजे विश्वास. या कागदाचा मला नेहमी संशय येतो. अर्थ सांगायला कागद लागत असेल, तर चिन्ह अर्धेच राहिले म्हणायचे.

स्टेट बँकेचे चिन्ह घ्या. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतल्या शेखर कामत यांनी ते १९७१ साली केले. निळे वर्तुळ, मध्ये लहान वर्तुळ, खाली चीर. कुणाला त्यात कुलपाचे भोक दिसते, कुणाला अहमदाबादचा कांकरिया तलाव. यातले काहीच ठाऊक नसलेला शेतकरीही दुरून आपली बँक ओळखतो.

रुपयाच्या चिन्हाचे प्रकरण अवघड, कारण ते अक्षर आहे. डी. उदयकुमार यांची ही कृती तीन हजारांहून अधिक प्रवेशिकांतून निवडली गेली आणि १५ जुलै २०१० रोजी सरकारने ती स्वीकारली. रोमन 'आर'ची उभी दांडी काढली की देवनागरी 'र' उरतो, हे त्यांनी पाहिले. दोन लिप्या जिथे आपणहून भेटतात नेमकी ती जागा हेरली, याला मी खरी प्रतिभा म्हणतो. मात्र दोन आडव्या रेघांत तिरंगा आणि समानता शोधणे मला पटत नाही. वरची रेघ ही आपली शिरोरेषा. मोडी लिहिणारा कारकून आधी पानभर रेघ ओढी आणि मग अक्षरे तिला टांगी; धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळातले जुने कागद ज्यांनी पाहिले, त्यांना हे सांगायला नको. दुसरी रेघ आपल्या लिपीची नाही. ती येन आणि युरो यांच्या बिरादरीतून आली, आणि हाताला ती अजून परकी वाटते. माझ्या वर्गातली मुले आधी सरळ 'र' काढतात, मग त्यावर एक रेघ मारतात. ती कधी पोटात जाते, कधी पायात. तरी वाचणारा अडत नाही. वाकडे काढूनही जे वाचता येते, ते चिन्ह पक्के.

ही कसोटी आमच्याकडच्या पाट्यांना लावायला जावे, तर बहुतेक चिन्हे दुकानदाराच्या रोमन आद्याक्षरापाशीच अडलेली. जळगाव आणि धुळे, दोन्ही नावांत 'ळ' आहे. अहिराणी बोलणारे धुळ्याला 'धुये' म्हणतात हे खरे. पण लिहिताना दोन पोटांचे ते अक्षर केवढे देखणे दिसते! रोमनमध्ये त्याला जोड नाही. त्याच्याकडे अजून एकही चिन्हकार वळलेला माझ्या पाहण्यात नाही.