मुखपृष्ठाचे वचन

मुखपृष्ठ हे वाचकास दिलेले वचन होय. चित्रकथांत मात्र पुष्कळदा वचन आधी दिले जाई आणि कथा मागाहून रचली जाई. दुकानात ग्राहकाची नजर क्षणभरच ठरते, हे जाणून अमेरिकेतील डीसी संस्थेचे संपादक ज्युलियस श्वार्ट्झ अनेकदा प्रथम मुखपृष्ठ ठरवीत व मग लेखकाकडून तदनुरूप कथा लिहवून घेत. त्याच संस्थेच्या ‘जिमी ओल्सन’च्या ३० व्या अंकावर (१९५८) सुपरमॅन आपल्या दत्तकपुत्राने दिलेली भेट जाळताना दिसतो, आत कळते की, हे क्रौर्य त्या मुलाच्या रक्षणार्थ घेतलेले सोंग आहे. येथे चित्र खोटे नाही. त्याचा अर्थ तेवढा झाकलेला आहे. कोडे घालण्याचा कलेस अधिकार आहे. परंतु उत्तर आत नसेल, तर १० सेंट मोजणाऱ्या बालवाचकाची ती निव्वळ वंचनाच म्हटली पाहिजे.