कोल्टन यांची कोष्टके आणि होपींच्या बाहुल्या

हॅरॉल्ड कोल्टन यांचे काचिना बाहुल्यांवरील पुस्तक १९४९ साली निघाले. बाहुलीचे डोळे, तोंड, कान, शिंगे तपासावीत आणि कोष्टकावरून तिचे नाव व क्रमांक काढावा, अशी त्याची योजना. कोल्टन मूळचे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक. भुंग्यांच्या जाती लावाव्यात तसे त्यांनी अडीचशेंच्या वर काचिना लावून ठेवले. या परिश्रमांचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. परंतु नाव सापडले की वस्तू कळली, ही जी समजूत त्यातून संग्राहकांत रूढ झाली, ती आम्हांस मान्य होण्यासारखी नाही.

अॅरिझोनाच्या ईशान्येस, कोरड्या पठारांवर होपींची गावे आहेत. पाऊस थोडा, जीवन मक्यावर. मेघांचे, पूर्वजांचे, पशूंचे आत्मे म्हणजे कात्सिना. ते हिवाळ्यात गावी येतात आणि जुलैतील निमान विधीनंतर फ्लॅगस्टाफजवळच्या सॅन फ्रान्सिस्को शिखरांकडे परततात, अशी होपींची श्रद्धा. त्यांची सोंगे घेऊन नाचणारे पुरुष मुलींस जी बाहुली देतात ती 'तिहू'. ती कॉटनवुडच्या मुळाची असते. हे झाडच मुळी पाण्याच्या शोधात मुळे धाडणारे! पिवळा उत्तरेचा, निळा पश्चिमेचा, तांबडा दक्षिणेचा, पांढरा पूर्वेचा, असा रंगांचा संकेत. मुलगी ती घरात टांगून ठेवते आणि पाहता पाहता कात्सिना ओळखू लागते. कोष्टकात या मुलीला जागा नाही.

बॅरी गोल्डवॉटर यांनी १९६४ साली आपल्या ४३७ बाहुल्या फीनिक्सच्या हर्ड संग्रहालयास दिल्या. तो संग्रह थोरच. आणि होपी कारागीर स्वतःच बाहुल्या विकतात, तेव्हा विकत घेणाऱ्यास दोष देण्याचे कारण नाही. मुखवट्यांची गोष्ट मात्र निराळी. एप्रिल २०१३ मध्ये पॅरिसला सुमारे सत्तर मुखवटे लिलावास निघाले. होपींना ते सजीव 'मित्र' वाटतात. न्यायालयाने मात्र, पवित्र असले तरी ते मानवी देह नव्हेत, सबब त्यांना ते संरक्षण नाही, असे ठरविले. वकील म्हणून आम्हांस या निकालातील तर्क कळतो. पण देह आणि वस्तू असे दोनच कप्पे ज्या कायद्याजवळ आहेत, त्यापुढे होपींनी आपले म्हणणे मांडावे तरी कोणत्या शब्दांत? त्याच डिसेंबरात दुसऱ्या लिलावातील चोवीस पवित्र वस्तू अॅनेनबर्ग प्रतिष्ठानाने, त्या परत करण्यासाठीच, विकत घेतल्या. त्यांतल्या एकवीस होपींच्या होत्या. जे न्यायाने मिळाले नाही ते पैशाने मिळाले.

बाहुली घेऊ इच्छिणाऱ्याने कोल्टन यांचा क्रमांक खुशाल पाहावा. त्याआधी ती कोणी कोरली हे विचारावे. आदिवासींनी न केलेली वस्तू त्यांची म्हणून विकणे हा अमेरिकेत १९९० च्या कायद्याने गुन्हा आहे.