‘वैश्विक संग्रहालय’ या भूमिकेची चिकित्सा : बेनिन शिल्पांच्या संदर्भात

डिसेंबर २००२ मध्ये युरोप व उत्तर अमेरिकेतील १८ मोठ्या संग्रहालयांनी एक संयुक्त निवेदन प्रसृत केले. पूर्वी संपादन केलेल्या वस्तूंकडे त्या काळच्या मूल्यांच्या संदर्भात पाहावे आणि अशी संग्रहालये एका राष्ट्राची नव्हे, तर सर्व मानवजातीची सेवा करतात, हे या निवेदनाचे सार होय. ब्रिटिश म्युझियमने या भूमिकेचा सातत्याने पुरस्कार केला आहे. सध्याच्या नायजेरियातील बेनिन राज्याच्या शिल्पांचा विचार करता ती कितपत टिकते, हे तपासणे आवश्यक ठरते.

फेब्रुवारी १८९७ मध्ये ब्रिटिश फौजेने बेनिन शहर जिंकले, राजवाडा लुटला आणि पुढे ओबा, म्हणजे राजा, ओव्होनरामवेन यास कलाबार येथे हद्दपार केले. पितळी फलक, मुखशिल्पे, हस्तिदंती कोरीवकाम अशा हजारो वस्तू नेण्यात आल्या. मोहिमेचा खर्च भागविण्यासाठी त्यांपैकी अनेक विकल्या गेल्या. हे फलक म्हणजे राजवंशाच्या इतिहासाची धातूत केलेली नोंदच होती. त्यामुळे ही लूट केवळ कलावस्तूंची नव्हती, ती एका समाजाच्या स्मृतीचीही होती.

‘त्या काळची मूल्ये’ हा युक्तिवाद इतिहासाच्याच कसोटीवर उतरत नाही. नेपोलियनने पॅरिसला आणलेल्या अनेक युरोपीय कलाकृती १८१५ मध्ये मूळ ठिकाणी परत गेल्या आणि वेलिंग्टनने या परतीचे उघड समर्थन केले. याचा अर्थ, लूट परत करावी हे तत्त्व बेनिनच्या ८२ वर्षे आधी ब्रिटनला ठाऊक होते. ते युरोपबाहेर लागू केले गेले नाही, इतकेच.

सार्वत्रिकतेचा दावाही असाच दुबळा आहे. ब्रिटिश म्युझियममध्ये बेनिनच्या ९०० हून अधिक वस्तू आहेत. त्यांपैकी थोड्याच प्रदर्शनात असतात. १९६३ च्या कायद्याने संग्रहातील वस्तू देण्यावर बंधन आहे, असे सांगितले जाते. तथापि १९५० नंतरच्या दोन दशकांत याच संस्थेने काही फलक ‘दुबार’ ठरवून विकले होते. सुरक्षिततेचा मुद्दाही २०२३ मध्ये तेथील सुमारे २,००० वस्तू गहाळ, चोरीस गेलेल्या वा खराब झालेल्या आढळल्यानंतर निःशंकपणे मांडता येत नाही.

मार्च २०२३ मध्ये नायजेरियाच्या राष्ट्राध्यक्षांनी परत येणाऱ्या वस्तूंची मालकी ओबांची असल्याचे घोषित केले. त्यामुळे त्या सार्वजनिक राहतील काय, ही शंका रास्त आहे. परंतु तिचे निराकरण नायजेरियन समाजाने करावयाचे आहे; ज्याच्याकडे लुटीचा माल आहे, त्याने मूळ धन्याच्या घरची व्यवस्था तपासून मग तो परत करावा, हे न्यायाला धरून नाही.

जर्मनीने २०२२ मध्ये वेगळा मार्ग दाखविला. बर्लिनमधील ५१२ वस्तूंची मालकी नायजेरियाकडे देण्यात आली आणि त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश वस्तू प्रारंभी दहा वर्षांसाठी उसनवारीने तेथेच ठेवण्याचे ठरले. सारांश, वस्तू सर्वांनी पाहावी यासाठी ती स्वतःच्या मालकीची असावी लागत नाही. या एका वस्तुस्थितीने २००२ च्या निवेदनाचा मूलाधारच निखळतो.