मातेची प्रतिद्रव्ये आणि ‘जन्मजात’ ही संज्ञा : एक चिकित्सा

‘जन्मजात’ आणि ‘आनुवंशिक’ या संज्ञा आपल्या लेखनात समानार्थी असल्याप्रमाणे योजिल्या जातात. मातेच्या प्रतिद्रव्यांमुळे उद्भवणाऱ्या विकारांचा विचार करू लागताच ही सरमिसळ किती घातक आहे, हे ध्यानात येते.

लँडस्टायनर व वीनर यांनी १९४० साली ऱ्हीसस घटकाचा शोध प्रसिद्ध केला. ऋण मातेच्या उदरी धन गर्भ असला, तर मुख्यतः प्रसूतिसमयी त्याच्या तांबड्या पेशी तिच्या रक्तात शिरून प्रतिद्रव्ये उत्पन्न होतात. पहिले मूल बहुधा सुटते. पुढील धन गर्भाच्या पेशींचा मात्र वारेतून आलेली ही प्रतिद्रव्ये नाश करतात. तीव्र कावीळ, प्रसंगी मृत्यूही ओढवतो. येथे माता निरोगी आणि मूलही निर्दोष. विसंगती आहे ती दोघांच्या रक्तांत.

नांदेड-लातूरकडे मामा-भाचीचे व आते-मामे भावंडांचे विवाह परंपरामान्य आहेत. त्यामुळे अर्भक दगावले की ‘नात्यातले लग्न’ हे कारण हाताशी असते. अप्रभावी जनुकांच्या विकारांत ते पुष्कळदा खरेही ठरते. ऱ्हीसस विकारात मात्र तर्क उलटा होतो : ऋण स्त्रीचा पती तिच्याच रक्ताचा नातलग असेल, तर तोही ऋण असण्याचा संभव वाढतो व विसंगतीचा घटतो. याउलट डॉ. भेंडे प्रभृतींनी १९५२ साली वर्णिलेला ‘बाँबे’ रक्तगट नात्यातील विवाहाने अधिक संभवतो. अशा मातेच्या रक्तात एच-विरोधी प्रतिद्रव्ये असतात. त्यांनी गर्भास बाधा होणे विरळ; परंतु तिला ‘ओ’ गटाचे रक्तही चालत नाही.

प्रतिद्रव्ये सरसकट दोषी धरणेही युक्त नव्हे. वारेतून जाणारी प्रतिद्रव्येच नवजाताचे आरंभीचे काही महिने रोगांपासून रक्षण करतात. रो-विरोधी प्रतिद्रव्ये असलेल्या मातांच्या शंभर गर्भांपैकी सुमारे दोहोंतच हृदयरोध होतो. म्हणजे प्रतिद्रव्य हे कारण खरे, पण ते पुरेसे नव्हे.

हा केवळ शब्दच्छल नाही. ‘आनुवंशिक’ म्हटले की कुटुंब ते प्राक्तन समजून स्वस्थ बसते. १९६८ पासून मात्र डी-विरोधी इंजेक्शन उपलब्ध आहे. २८ व्या आठवड्यात आणि धन मूल जन्मल्यास प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत ते दिल्यास हा विकार बहुतांशी टळतो. एकदा प्रतिद्रव्ये उत्पन्न झाल्यावर त्याचा उपयोग नाही. म्हणून क्षेत्रकार्य करणाऱ्या विद्यार्थ्यांनी नात्याच्या प्रश्नापाशी न थांबता मातेचा रक्तगट, पूर्वीच्या गर्भधारणा व गर्भपात यांचीही नोंद घ्यावी. त्यावाचून काढलेला निष्कर्ष ग्राह्य धरता येणार नाही.