शब्द रंगवणं वेगळं, शब्द मोजणं वेगळं

समजा, तुमचा विषय आहे पाणीटंचाईच्या बातम्यांची भाषा. शंभरेक वेबपानं जमवलीत. प्रत्येक पानात जावास्क्रिप्टनं 'पाणी' शोधायचं, सापडलं की त्याभोवती 'मार्क' टॅग गुंडाळायचा, पिवळा रंग द्यायचा आणि शेवटी किती पिवळे झाले ते मोजायचं. प्रबंधातला एक तक्ता तयार! पण हा तक्ता मला तपासायला दिला तर माझा पहिला प्रश्न असेल, रंग कोणत्या पद्धतीनं लावलात?

सगळ्यात प्रचलित पद्धत एका ओळीची आहे. पानाचं 'इनरएचटीएमएल' घ्यायचं, त्यावर 'रिप्लेस' चालवायचं, परत ठेवून द्यायचं. संशोधनासाठी ही पद्धत सरळ बाद समजा. इनरएचटीएमएल म्हणजे पानावरचा मजकूर नव्हे, तर टॅगांसकटची अख्खी संहिता. एखाद्या चित्राच्या पर्यायी मजकुरात 'पाणी' असेल तर तिथेही टॅग घुसतो आणि पान मोडतं. शिवाय परत ठेवताना ब्राउझर सगळे घटक नव्यानं बनवतो, त्यामुळे जुन्या घटकांवर बांधलेले क्लिकचे प्रतिसाद आणि अर्धवट भरलेले फॉर्म गायब होतात. जे तपासायला गेलो तेच बदलून ठेवलं, असा प्रकार.

योग्य रस्ता 'ट्रीवॉकर'चा. तो फक्त मजकुराच्या गाठी, म्हणजे टेक्स्ट नोड, एकेक करून हातात देतो. स्क्रिप्ट आणि स्टाइलच्या आतला मजकूर मात्र आपणच गाळायचा. गाठींची यादी आधी पूर्ण करून घ्या आणि मगच हात लावा. फिरता फिरता बदल केलात तर नुकताच गुंडाळलेला शब्द पुन्हा समोर येऊ शकतो. मग 'स्प्लिटटेक्स्ट'नं गाठ तोडायची आणि मधला तुकडा टॅगमध्ये ठेवायचा. इथवर ठीक. पण कार्बन डायऑक्साइडचं रेणुसूत्र शोधून बघा. खालचा 2 वेगळ्या टॅगमध्ये असतो, म्हणजे सूत्र दोन गाठींत विभागलेलं, आणि गाठीगाठीनं शोधणाऱ्याला ते दिसतच नाही. 'सराउंडकंटेंट्स' वापरून दोन्ही एकदम गुंडाळायला जाल, तर निवड एखाद्या टॅगला अर्धवट कापत असल्यास ते थेट एरर फेकतं. मला हा एरर आवडतो. निदान गप्प बसून चुकीचं उत्तर तरी देत नाही!

गप्प चुका खरा घात करतात, आणि मराठीत त्या जास्त. इंग्रजी उदाहरणांतून उचललेली शब्दसीमेची खूण, बॅकस्लॅश बी, देवनागरीत चालत नाही. जावास्क्रिप्टच्या लेखी 'शब्दातलं अक्षर' म्हणजे रोमन अक्षरं, इंग्रजी अंक आणि अंडरस्कोर. 'पाणी'च्या दोन्ही बाजूंना ही खूण लावली की मोकळ्या जागांमधलं साधं 'पाणी'सुद्धा सापडत नाही. उत्तर शून्य येतं, आणि शून्य हेही उत्तरच वाटतं. यावर युनिकोडच्या वर्गांनी अक्षरसीमा लिहिता येते, पण त्यात अक्षरांच्या वर्गासोबत मात्रांचा वर्गही घ्यावा लागतो, कारण काना-वेलांटी युनिकोडमध्ये 'अक्षर' नाहीत. तो विसरलात तर 'जल' शोधताना 'अंजली'तला 'जल' रंगतो आणि वेलांटी बाहेर, पुढच्या गाठीच्या तोंडाशी, एकटी लटकते.

बरं, सीमा नीट झाली. आता? 'पाणी' काटेकोर शोधलंत तर 'पाणीटंचाई' गेली, 'पाणीही' गेलं. सैल शोधलंत तर 'पाणीपुरी' आणि 'चहापाणी' दुष्काळात मोजले गेले. आणि दोन्हींत 'पाण्याचा', 'पाण्यासाठी' हे सुटलेच, कारण सामान्यरूपात 'पाणी' ही अक्षरमाळाच उरत नाही. टंचाईच्या बातमीत तर हीच रूपं भरपूर येतात. म्हणजे कोणती रूपं धरायची हा निर्णय प्रोग्रॅमचा नाही, तुमचा आहे, आणि तो पद्धतीच्या प्रकरणात लिहायचा असतो. अजून एक. 'दुसऱ्या' हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो, नुक्त्याच्या ऱ ने किंवा साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडक वापरून. डोळ्याला फरक शून्य, पण संगणकाला दोन वेगळे शब्द. युनिकोडचं प्रमाणीकरण चालवलं तरी ते एक होत नाहीत.

'मार्क.जेएस' हे लोकप्रिय तयार साधन यातलं बरंच सांभाळतं. टॅग ओलांडून शोधण्याची सोय आहे, अदृश्य जोडक दुर्लक्षिण्याचीही आहे. पण दोन्ही सोयी मुळात बंद असतात. उलट शोधवाक्याचे शब्द सुटे करून शोधणं मुळात चालू असतं. 'पाणी टंचाई' असे दोन शब्द दिलेत की 'चारा टंचाई'तली टंचाईसुद्धा रंगते. 'अचूक' पर्याय घेतलात आणि विरामचिन्हांची यादी दिली नाहीत, तर 'पाणी'नंतर स्वल्पविराम आला की तो शब्द सुटतो. हे साधनाचे दोष म्हणणार नाही मी. ते वाचणाऱ्याच्या सोयीसाठी बनलंय, वाचणाऱ्याला चार जादा पिवळे डाग चालतात. तक्त्याला चालत नाहीत.

नुसतं डोळ्याला दाखवायचं असेल तर आता सीएसएस कस्टम हायलाइट आहे, क्रोममध्ये 2022 पासून. पानाच्या रचनेला हात न लावता रंग देतं, म्हणून मला ते जास्त प्रामाणिक वाटतं. मर्यादा एवढीच की तिथे टॅग नसल्यामुळे रंगलेल्या शब्दावर टीप किंवा क्लिक बांधणं अवघड जातं.

मोजणीसाठी मात्र पानाऐवजी मजकूर वेगळा काढा आणि त्यावर मोजा. तिथेही सांभाळून. 'टेक्स्टकंटेंट' परिच्छेदांमध्ये स्वतःहून जागा सोडत नाही, त्यामुळे एका परिच्छेदाचा शेवटचा शब्द पुढच्याच्या पहिल्याला चिकटू शकतो. आणि फक्त बातमीचा भाग घ्या. संकेतस्थळाच्या मेनूत 'पाणीपुरवठा' असेल तर तो शंभर पानांत शंभर वेळा मोजला जाईल. मग शंभरातली दहा पानं छापून पेनानं खुणा करा आणि आकडे जुळवा. कंटाळवाणं काम आहे, एक दुपार जाते. व्हायवात 'हा आकडा कसा आला?' असं विचारलं की त्या दहा कागदांची फाईल पुढे करता येते.